सुटलेला प्रश्न

“एकाहत्तर? म्हणजे डिस्टिंक्शन चार मार्कांनी हुकलं की गं,” अण्णा फोनवर म्हणाले. आवाजात हळहळ होती, पण धीर देणारी. तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलेल्या माणसाला एकाहत्तर हा आकडा काही वाईट वाटत नाही. फर्स्ट क्लास तो फर्स्ट क्लास.

तारीख २१ डिसेंबर २०२२. चाकणहून निघालेली कंपनीची बस मोशीला अडकून पडली होती, म्हणजे नेहमीसारखीच. बाहेर अंधार, आत अर्धी बस झोपलेली, आणि माझ्या मोबाइलवर कॅटचा, म्हणजे आयआयएमच्या एमबीए प्रवेशपरीक्षेचा निकाल: ७१.४३. हे टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे, हे अण्णांना समजावून सांगणं भाग होतं. परीक्षेला बसलेल्यांपैकी शंभरातले एकाहत्तर माझ्या मागं, बाकीचे पुढं. किती बसले होते? साधारण दोन लाख बावीस हजार. पलीकडं दोन-तीन सेकंद शांतता. अण्णा तोंडी गुणाकार करत असले की असेच गप्प होतात.

“म्हणजे त्रेसष्ट हजार पोरं तुझ्या पुढं. अख्ख्या तासगावात एवढी माणसं नाहीत.” मग जरा थांबून म्हणाले, “मग हे मार्क नव्हेतच. ही रांगेतली जागा झाली.”

इतक्या स्वच्छ शब्दांत मला हे क्लासमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

ते वर्ष मी काही टंगळमंगळ करण्यात घालवलेलं नव्हतं. हे आधीच सांगते, कारण निकाल बिघडला की लोक पहिल्यांदा तेच धरून चालतात. चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत मी क्वालिटीला होते. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचं मशिनिंग, तीन शिफ्ट, आणि गाडीवाल्या कंपनीकडून तक्रार आली की रविवारीसुद्धा फोन. तरी बसमध्ये जाता-येता सूत्रं, रात्री जेवण झाल्यावर दीड तास, रविवारी मॉक, म्हणजे अख्खी सराव परीक्षा. बावीस मॉक दिल्या होत्या. २३०० रुपये फी भरली तेव्हा वाटलं होतं, एवढ्या मॉकनंतर नव्वद तरी कुठं जाणार नाहीत. ते गेले.

रूममेट म्हणाली, स्लॉट कठीण होता तुझा. कॅट एकाच दिवशी तीन स्लॉटमध्ये होते, आणि मला आजवर असा एकही माणूस भेटलेला नाही ज्याचा स्लॉट सोपा होता. स्लॉटांमधला फरक काढून टाकायलाच मार्कांचं नॉर्मलायझेशन होतं, हे मलाही माहीत होतं नि तिलाही. पण त्या रात्री मी तिचं म्हणणं मान्य केलं आणि मॅगी खाऊन झोपले.

कॅटचं एक बरं आहे. लपवाछपवी नाही. निकालाच्या आधीच तुमची रिस्पॉन्स शीट मिळते, सोबत उत्तरं. कुठल्या प्रश्नाला तुम्ही काय दिलंत नि बरोबर काय होतं, सगळं समोर. माझी शीट तीन आठवडे डाउनलोड होऊन पडली होती. ती उघडायचा धीर झाला नव्हता. निकालानंतरच्या रविवारी शेवटी उघडली, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखले आणि मोजायला बसले.

तेव्हाचा पेपर ६६ प्रश्नांचा. पहिले ४० मिनिटं इंग्रजी, मग ४० मिनिटं डेटा आणि लॉजिक, मग ४० मिनिटं गणित. एका विभागातून दुसऱ्यात वेळेआधी जाता येत नाही, मागं तर येताच येत नाही. बरोबर उत्तराला तीन मार्क. पर्याय असलेला प्रश्न चुकला तर एक मार्क वजा. जिथं उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, तिथं चुकलं तरी काही कापत नाहीत. मी ५१ प्रश्नांना उत्तरं दिली होती. बरोबर १७. टाइप करायचे चुकले ११, ते माफ. पर्यायांचे चुकले २३.

सतरा त्रिक एकावन्न, वजा तेवीस. अठ्ठावीस.

१९८ पैकी २८. मी तो कागद बराच वेळ बघत बसले. त्या तेवीस प्रश्नांना नुसता हात लावला नसता, त्या वेळात खुर्चीला टेकून छताकडं बघत बसले असते, तरी ५१ झाले असते. म्हणजे मी वर्षभर अभ्यास करून मिळवलेले जवळजवळ निम्मे मार्क त्याच दोन तासांत स्वतःच्या हातानं परत देऊन आले होते.

बरं, ते काही अंदाजपंचे ठोकलेले प्रश्न नव्हते. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर चारात एकदा तीन मार्क मिळतात आणि तीनदा एकेक जातो, जमाखर्च शून्य. पेपर काढणाऱ्यांनी हिशेब असा घातलाय की नुसत्या नशिबाला फायदाही नाही, तोटाही नाही. मी नशिबापेक्षा वाईट खेळले होते. कारण मी त्यांच्यावर मेहनत घेतली होती. दोन मिनिटं, तीन मिनिटं, एकावर तर सहा. एवढा वेळ घातला आता उत्तर दिल्याशिवाय कशी उठू, म्हणून शेवटी जे त्यातल्या त्यात जवळचं वाटलं ते दाबलं.

आणि स्क्रीनवर तो ठिपका हिरवा झाला.

त्या हिरव्या ठिपक्यांबद्दल बोलायला हवं. परीक्षेच्या स्क्रीनवर उजव्या बाजूला सगळ्या प्रश्नांचे आकडे असतात. उत्तर दिलं की हिरवा, बघून पुढं गेलात की लाल. आता आमच्या कारखान्यात हिरवं लेबल म्हणजे पास झालेला पार्ट, आणि लाल डब्यात पडतो तो रिजेक्ट. आठवड्याचे सहा दिवस मी हेच रंग बघत होते. त्यामुळं परीक्षेतही माझा जीव लालवरून हिरव्याकडं धावत होता. वेळ संपताना उजवीकडं बऱ्यापैकी हिरवळ दिसली आणि मी समाधानानं बाहेर पडले. पण तिथल्या हिरव्याचा अर्थ पास असा नसतो. तुम्ही हात लावलाय, एवढंच ते सांगतं.

मराठीत या सगळ्या घोळाला एक गमतीदार शब्द आहे. ‘प्रश्न सुटला.’ याचा अर्थ काय? गणिताच्या वर्गात याचा अर्थ उत्तर आलं. आणि परीक्षेहून परत येताना मैत्रिणीला सांगतो, ‘अगं, माझा एक प्रश्न सुटला,’ तेव्हा अर्थ नेमका उलटा: राहून गेला, लिहिलाच नाही. सुटणं, सोडणं, सोडवणं ही एकाच घरातली भावंडं. पण आमच्या घरात यातल्या एकालाच मान होता.

अण्णांचा नियम होता, पेपर कोरा ठेवायचा नाही. बोर्डाच्या पेपरात ‘खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा’ असं असे. अण्णा म्हणत, पाच दिलेत तर पाचही सोडवा, तपासणारा चांगले तीन धरतो. ते नुसते म्हणत नसत. त्यांच्या वर्गातली मुलं खरोखर पाचही सोडवत. मार्क मिळत की नाही कुणास ठाऊक, सवय मात्र लागायची.

नववीत असताना भूमितीचा एक रायडर अडला होता. वर्तुळ, दोन स्पर्शिका, आणि काहीतरी समांतर आहे असं सिद्ध करायचं. लोडशेडिंग होतं म्हणून चार्जिंगच्या दिव्यापुढं बसले होते. साडेआठला आईनं जेवायला हाक मारली. मी उठणार तेवढ्यात अण्णा आतून म्हणाले, “राहू दे तिला. ती सोडवतेय.” आई पुटपुटली, भाकऱ्या गार होतायत. अण्णाही जेवले नाहीत. साडेदहाच्या सुमारास मला एक जोडरेषा सुचली, ती काढली आणि सगळं धडाधड उलगडत गेलं. अण्णांनी वही घेतली, एकेक ओळ वाचली, खिशातला लाल पेन काढून खाली ‘शाब्बास’ लिहिलं आणि मग आम्ही दोघं गार भाकरी नि वांग्याचं भरीत खायला बसलो. तेवढं चवदार जेवण मला दुसरं आठवत नाही.

आता सांगा, अशा घरातली मुलगी अडलेलं गणित सोडून पुढं जाईल?

निकालानंतर सल्ल्यांचा पूर आला, तो थोडक्यात आवरते. नोकरी सोड, ड्रॉप घे, हा सगळ्यांचा आवडता. टेलिग्रामवरच्या एका ग्रुपात तर नोकरी सांभाळून तयारी करणाऱ्यांची कीवच करत. मी नोकरी सोडली नाही. त्यात बाणेदारपणा काही नव्हता. धाकट्याच्या इंजिनिअरिंगच्या फीचा अर्धा भाग माझ्या पगारातून जात होता. ग्रुप मात्र सोडला. दुसरा सल्ला मॉक वाढवण्याचा: बावीस दिल्यास, पुढच्या वेळी चाळीस दे. यावर मला आमच्या इन्स्पेक्शनच्या टेबलावरचे काका आठवले. नवीन मुलं आली की ते म्हणायचे, “खराब माल दुप्पट काढला म्हणून चांगला होत नाही, बाळांनो.”

माझं पोट भरत होतं ते काम हेच होतं, ही खरी लाजेची गोष्ट. रोज सकाळी साडेआठच्या मीटिंगला मी आदल्या दिवशीच्या रिजेक्शनचा हिशेब मांडत असे. किती पार्ट पडले, कशानं पडले, ब्लो होल किती, बोअर ओव्हरसाइझ किती, हाताळताना डेंट पडलेले किती. त्याच्यावर व्हाय-व्हाय. ‘ऑपरेटरची चूक’ एवढंच कुणी लिहून आणलं तर मी तो कागद परत पाठवायची. ऑपरेटरनं चूक का केली? फिक्स्चर का हललं? क्लॅम्प का ढिला होता? पाचव्या ‘का’पर्यंत सोडत नसे. आणि ही बाई रविवारी मॉक देऊन स्कोअर बघायची, दोन शिव्या हासडायची आणि लॅपटॉप मिटून कपडे धुवायला जायची. बावीस मॉक, आणि एकीचंही रिजेक्शन ॲनालिसिस नाही.

जानेवारीत मी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर मार्करनं ‘रिजेक्शन रजिस्टर’ असं लिहिलं. कंपनीतल्यासारखेच रकाने. जुन्या मॉक पुन्हा उघडल्या. प्रश्न कुठला, किती सेकंद गेले, काय झालं, का झालं. सुरुवातीला मी ‘सिली मिस्टेक’ असं लिहीत गेले, आणि चौथ्या पानावर लक्षात आलं की हे ‘ऑपरेटरची चूक’च आहे. कागद परत. मग खोलात जावं लागलं. ‘क्ष ची किंमत काढली, विचारली होती क्ष अधिक य ची, शेवटची ओळ वाचलीच नाही, का, तर मागच्या प्रश्नात चार मिनिटं गेल्यानं घाई होती.’ असं लिहायला वेळ लागतो. एका मॉकला तीन-तीन संध्याकाळी लागायच्या.

मार्चपर्यंत वहीतून जे बाहेर आलं, त्यानं मी हबकलेच. मला वाटत होतं माझा मोठा आजार म्हणजे न येणारी गणितं: प्रोबॅबिलिटी, लॉगॅरिदम, ती सगळी. तो रकाना होता, पण बारीक. सगळ्यात लांबलचक रकाना वेगळाच होता. ‘येत होतं, पोहोचलेच नाही.’ गणिताच्या विभागात सतराव्या, एकोणिसाव्या, एकविसाव्या नंबरला नफा-तोट्याची, काळ-काम-वेगाची सरळ गणितं बसलेली असत. अण्णांच्या सातवीतल्या मुलांनीही केली असती अशी. माझी त्यांच्याशी गाठच पडली नव्हती, कारण मी सहाव्या नंबरच्या भूमितीजवळ ठाण मांडून बसले होते. त्या एका गणितात सहा मिनिटं. ते सुटलं की नाही हा पुढचा भाग. सुटलं असतं तरी मार्क तीनच होते, जेवढे एकविसाव्याला होते.

बोर्डाच्या पेपरात अवघड रायडरला मार्क जास्त असायचे. तिथं ठाण मांडणं परवडतं. इथं सगळ्यांचा भाव एकच. अवघड प्रश्नाला इथं काडीची प्रतिष्ठा नाही, हे डोक्यात शिरायला मला एक अख्खी वही लागली.

मग सोडायचा सराव सुरू केला. हे लिहायला सोपं आहे. आमच्याकडं बोअर तपासायला गो–नोगो गेज असतो. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जायला नको. इन्स्पेक्टर पार्ट उचलतो, दोन्ही टोकं लावतो, ठेवतो. विचार करत बसत नाही, पार्टशी वाद घालत नाही. मी ठरवलं, प्रश्न वाचून मिनिटभरात पहिली पायरी दिसली तर ‘गो’, नाहीतर खूण करून पुढं. ठरवलं खरं. पहिल्या मॉकमध्ये एका भूमितीवरून पुढं गेले आणि पुढची तीन गणितं करताना अर्धं डोकं त्या भूमितीतच. कुणीतरी पाठीमागून बघतंय आणि नाराज आहे, असं वाटत राहायचं. कोण बघतंय हे कळायला मानसशास्त्रज्ञाची गरज नव्हती.

डेटाच्या विभागात हे आणखी कडू होतं. तिथं सुटे प्रश्न नसतात, सेट असतात. तेव्हा चार सेट, प्रत्येकी पाच प्रश्न. एकदा सेटमध्ये शिरलं की दहा-बारा मिनिटं गेलीच. चुकीच्या सेटमध्ये शिरलात तर विभाग बुडाला. २०२२ मध्ये मी पहिल्या सेटपासून ओळीनं सुरुवात केली होती, कारण पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं असतं. आता पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवून चारही सेट नुसते वाचायचे, असं स्वतःला लावून घेतलं. अंगावर काटा यायचा. घड्याळ पळतंय, शेजारचा कीबोर्ड वाजतोय, आणि आपण भाजी निवडल्यासारखे सेट निवडतोय. पण मंडईत पहिल्याच गाळ्यावरची भाजी उचलणाऱ्या माणसाला आई काय म्हणते ते आठवलं की जरा बरं वाटे.

इंग्रजीचं म्हणाल तर चमत्कार काही झाला नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळं उतारे वाचायला मला इतरांपेक्षा वेळ लागायचा, अजूनही लागतो. इंग्रजी पेपरांचे अग्रलेख वाचा, असं सगळे सांगतात; मी वाचले, त्यानं अग्रलेख वाचायची सवय लागली. उपयोग झाला तो एका चोरट्या युक्तीचा. प्रत्येक परिच्छेद संपला की कच्च्या कागदावर मराठीत चार शब्द लिहायचे, हा माणूस म्हणतोय काय. ‘म्युझियमं ठीक, पण वस्तू परत द्या.’ ‘दोन्ही गटांवर चिडलाय.’ क्लासमधल्या मुलीनं माझा कागद बघितला आणि तिला हसू आवरेना. पण त्यामुळं एक सापळा ओळखू यायला लागला. चारातला एक पर्याय असा असतो की जो शंभर टक्के खरा असतो, शहाणपणाचा असतो, आपल्यालाही पटतो, आणि लेखकानं तो कुठंही म्हटलेला नसतो. २०२२ मध्ये मी असे पर्याय आवडीनं निवडले होते. माझ्या वहीत त्याचं नाव होतं ‘पटलं म्हणून टिकलं’.

२६ नोव्हेंबर २०२३. या वेळी फी २४००, स्लॉट पहिला, साडेआठचा. धाकट्यानं पहाटेच्या थंडीत बाइकवरून सेंटरला सोडलं. गेटवर कानातले काढा, घड्याळ काढा, जाकिटाचे खिसे उलटे करा. आत कच्च्या कामाची वही आणि एक पेन.

डेटाचा विभाग उघडला आणि पाच मिनिटं वाचून झाल्यावर छातीत धस्स झालं. चारही सेट भयंकर. त्यातल्या त्यात एक जमेलसा वाटला, तो धरला, पाचही प्रश्न झाले. दुसऱ्यातले दोन जमले. तिसरा मात्र मला खुणावत होता. तक्ता, सात-आठ अटी, आणि आत कुठंतरी एक जोडरेषा दडलेली आहे असा तो खास वास. शेवटची नऊ मिनिटं उरली होती. शिरले असते. हात कच्च्या वहीवर गेलाही होता, तक्त्याच्या दोन उभ्या रेघा मारल्याही. मग पेन ठेवला. दुसऱ्या सेटमधली दोन उत्तरं पुन्हा तपासली, त्यातलं एक चुकलेलं निघालं, ते दुरुस्त केलं. विभाग संपला तेव्हा वीसपैकी तेरा ठिपके लाल होते. पूर्वी मी असा पेपर देऊन घरी तोंड दाखवलं नसतं.

निकाल पुन्हा २१ डिसेंबरलाच. ९४.६१.

या वेळी रिस्पॉन्स शीट आली त्याच दिवशी उघडली होती. उत्तरं दिलेले प्रश्न ३०. बरोबर २०. चुकलेल्या दहांत चार टाइप करायचे, सहांना दंड. साठ वजा सहा, चोपन्न. पेपर वेगळा, वर्ष वेगळं, हे कबूल. दोन वर्षांचे मार्क शेजारी ठेवून तुलना करू नये हेही खरं. तरी मी ते शेजारी ठेवलेच. पहिल्या वर्षी सतरा बरोबर, दुसऱ्या वर्षी वीस. वर्षभर वही भरून, बसमध्ये मान मोडून, दोन लग्नं आणि एक गणपती बुडवून माझी बरोबर उत्तरं वाढली ती फक्त तीन. बाकी सगळी कमाई मी ज्यांना हात लावला नाही त्या प्रश्नांची. अण्णांच्या भाषेत, पुढं उभी असलेली त्रेसष्ट हजारांची रांग साडेपंधरा हजारांवर आली.

चौऱ्याण्णव म्हणजे काही फार थोर नव्हे. मोठ्या आयआयएमना ते पुरत नाहीत. तिथं दहावी-बारावीचे मार्क, अनुभव, बरंच काही मोजतात, पण आधी त्या दारापर्यंत तर जायला हवं. मुलाखतीची दोन बोलावणी आली, त्यातलं एक फळलं. त्याची गोष्ट वेगळी आणि बरीचशी कंटाळवाणी आहे.

मधे एक विनोद झाला, तो सांगायलाच हवा. मार्चमध्ये राज्याची एमबीए सीईटीही दिली. मुंबईच्या जमनालाल बजाजचं स्वप्न कुठल्या मराठी पोराला पडत नाही? १९६५ सालची संस्था, चर्चगेटला, आणि दार सीईटीचं. ही परीक्षा म्हणजे कॅटची नेमकी उलटी बहीण. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, म्हणजे एकाला पाऊण मिनिट. आणि चुकलं तर काहीही कापत नाहीत. इथं एकही प्रश्न कोरा ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा. आणि मी? वर्षभर सोडायला शिकलेली मी पहिल्या अर्ध्या तासात ऐटीत प्रश्न सोडत चालले होते. मध्येच भान आलं. शेवटच्या चार मिनिटांत पंचवीसेक प्रश्नांना डोळे झाकून ‘क’ दाबत सुटले. पेपर कोरा ठेवायचा नाही. बाहेर येऊन अण्णांना फोन केला आणि सांगितलं, तुमचा नियम इथं लागू आहे. ते म्हणाले, “नियम सगळीकडं लागू असतो. परीक्षा बदलतात.”

हे उत्तर मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

पुण्याहून निघायच्या आधी आठ दिवस घरी राहिले. बांधाबांध करताना २०२३ च्या पेपरची प्रिंट सापडली. अण्णा निवृत्त झाल्यापासून दुपारी पडवीत बसून शब्दकोडं सोडवतात, त्यांनी ती चाळायला घेतली. नफा-तोट्याच्या गणितांकडं बघून नाक मुरडलं. मग डेटाच्या पानावर थांबले. “हा सेट सोडवला नाहीस?”

“सोडला,” मी म्हणाले.

“का?”

“नऊच मिनिटं होती, अण्णा. निघाला नसता. दुसरीकडचे तीन मार्कही गेले असते.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. नववीतली वही, लाल पेन, काहीतरी. पण त्यांनी विचारलं, “मग ते तीन मिळाले?”

“मिळाले.”

“बरं झालं,” म्हणाले आणि पान दुमडून सदऱ्याच्या खिशात घातलं.

मी पुण्याला आले, सामान घेतलं, रूम सोडली, डिपॉझिटवरून मालकिणीशी नेहमीचं भांडण झालं. नव्या हॉस्टेलवर पोचून तीन दिवस झाले असतील. रात्री सव्वादहाला अण्णांचा फोन. एवढ्या रात्री ते फोन करत नाहीत, माझ्या पोटात गोळा आला.

“अगं, तो तुझा सुटलेला प्रश्न.”

“कुठला?”

“तो तक्त्याचा. सुटला.”

मागून आईचा आवाज येत होता, ताट कधीचं वाढून ठेवलंय म्हणून.

“किती वेळ लागला?” मी विचारलं.

“ते तू विचारू नकोस,” अण्णा म्हणाले. “परवापासून बसलोय. पाचवी अट आधी घ्यायची होती, सगळे पहिलीपासून जातात. चौथा सेट कुठाय? या पानावर तीनच दिसतायत.”